पत्र्याच्या पेटीतली कडक भाकरी : सोलापूरच्या एका युद्धकैद्याचं प्रकरण

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी रिक्षातून पत्र्याची पेटी घेऊन घरी आला. "सर, जुनं घर पाडायला काढलंय. आबांची ही पेटी भंगारात जायच्या आधी एकदा बघता का?" मी तीस वर्षं सोलापुरात इतिहास शिकवला, म्हणून त्याला मी आठवलो. आबा म्हणजे त्याचे आजोबा. पंचवीस वर्षांपूर्वी वारले. उमेदीची सगळी वर्षं गिरणीत गेली, आणि त्याआधी ते पलटणीत होते एवढंच घरात ठाऊक होतं.

पेटीत तीन पदकं होती, पानं चिकटलेलं डिस्चार्ज बुक होतं, एक छापील पोस्टकार्ड, एक छोटा फोटो. आणि तळाशी वर्तमानपत्राखाली फडक्यात गाठ मारून ठेवलेला किडलेला चुरा. मला कळेना हे काय. नातू म्हणाला, "भाकरी आहे. कडक भाकरी. आबा कायम पेटीत चार भाकऱ्या ठेवायचे. आजी दर अमावास्येला जुन्या काढून नव्या ठेवायची. आबा गेल्यावरही तिनं एकदा ठेवल्या, मग ती पण गेली."

आमच्या भागात कडक भाकरीचं कौतुक कुणाला नाही. ज्वारीची पातळ भाकरी तव्यावरून उतरवून पुन्हा इतकी शेकायची की ती महिना-दोन महिने टिकावी. प्रवासाला न्यावी, शेतावर न्यावी, शेंगाचटणी आणि दह्याबरोबर खावी. पण कुलूप लावलेल्या पेटीत, कपड्यांच्या खाली, पन्नास वर्षं? हे प्रकरण मी हातात घेतलं ते त्या फडक्यामुळे. पदकं तर अनेक घरांत असतात.

कुटुंबाच्या इच्छेप्रमाणे नाव, गाव आणि सैनिक क्रमांक इथे दिलेला नाही.

कागद काय सांगतात

डिस्चार्ज बुकावरून एवढं लागलं की आबा पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या दुसऱ्या बटालियनमध्ये होते. पलटणीत तिला 'काळी पाचवी' म्हणतात. ही बटालियन १९४२ च्या उन्हाळ्यात लिबियातल्या टोब्रुक बंदरात अकराव्या हिंदी ब्रिगेडमध्ये होती. २१ जून १९४२ रोजी तिथल्या दक्षिण आफ्रिकी सेनापतीनं, जनरल क्लॉपरनं, जर्मन सेनापती रोमेलपुढे शरणागती पत्करली आणि एका दिवसात सुमारे ३३ हजार सैनिक कैद झाले. आबा त्यांतले एक. तेव्हा वय बावीसच्या आसपास.

उत्तर आफ्रिकेत पकडलेले बहुतेक कैदी जर्मनांनी इटालियनांच्या स्वाधीन केले. वाळवंटात काटेरी तारांच्या कुंपणात उघड्यावर बसवलेले दिवस, पाण्याची मारामार, हगवण आणि मग बोटीच्या तळघरातून इटली, असा त्यांचा रस्ता होता. या बोटींवर आत कैदी आहेत हे बाहेरून कळत नसे. १७ ऑगस्ट १९४२ ला 'निनो बिक्सियो' नावाच्या अशाच बोटीवर ब्रिटिश पाणबुडीनं टॉर्पेडो सोडले, आणि तीनशेहून जास्त कैदी आपल्याच बाजूच्या माऱ्यात मेले. आबा दुसऱ्या कुठल्या तरी बोटीत होते. कोणत्या, ते कागदात नाही.

पोस्टकार्ड मात्र बोलकं आहे. त्यावरची सगळी वाक्यं इंग्रजीत आधीच छापलेली: मी ठीक आहे, मी इटालियनांचा कैदी आहे, मला चांगलं वागवलं जात आहे, लवकरच नवा पत्ता कळवीन. आबांच्या हातचं आहे ते फक्त नाव, नंबर आणि खाली बाळबोध अक्षरांतली वेडीवाकडी सही. सहीतला शेवटचा काना कागदाच्या कडेवरून खाली गेलाय. कार्ड गुडघ्यावर धरून लिहिलं असावं.

घरच्यांनी हे कार्ड अनेक वर्षं 'आबांना तिकडे चांगलं ठेवलं होतं' याचा पुरावा मानलं. तो पुरावा नाही. ते वाक्य छापखान्यातलं आहे. उपासमारीतल्या माणसानंही त्याच कार्डावर सही केली असती. त्या कार्डाचं खरं मोल नंबरात आहे, आणि या प्रकरणात मला जे सापडलं ते सगळं त्या नंबराभोवती फिरतं.

दोन सुना, एक उंबरा

जूनमध्ये टोब्रुक पडलं. घरी तार आली ती 'बेपत्ता' एवढीच. कार्ड पोचलं ते जानेवारीत. आजी ते 'गड्ड्याच्या दिवसांत' आलं असं सांगायची, म्हणजे संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते तेव्हा. म्हणजे जवळपास सात महिने आजीला आपण सवाष्ण आहोत की नाही हे ठाऊक नव्हतं. लग्नाला दोन वर्षं झालेली, वय सतरा.

या घराला तो अनुभव नवा नव्हता. आबांचे चुलते पहिल्या महायुद्धात ११० व्या मराठा पलटणीतून आताच्या इराकमधल्या बसऱ्याला गेले होते. ते आलेच नाहीत. मेल्याची तार आली नाही, जिवंत असल्याचं कार्ड आलं नाही. त्यांची बायको, घरातली थोरली काकी, १९५० नंतर कधीतरी वारली तोवर कपाळाला कुंकू लावत होती. गावातल्या बायका तिला हळदीकुंकवाला बोलवायच्या की नाही यावरून दरवर्षी कुजबुज व्हायची. आजीचे ते सात महिने या काकीच्या शेजारी बसून गेले. नातवाच्या आत्यानं हे सांगितलं तेव्हा मी लिहायचं थांबवून नुसता ऐकत राहिलो.

त्या चुलत्यांचं काय झालं असावं याचा इतिहास स्पष्ट आहे. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या. जनरल टाउनशेंडच्या हाताखालची ही फौज डिसेंबर १९१५ पासून कूत-अल-अमारा इथं तुर्की वेढ्यात अडकली. १४७ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ ला, सुमारे १३ हजार माणसं कैद झाली. मुळात ती आधीच अर्धमेली होती. वेढ्यात घोडे कापून खायची वेळ आली, पण बहुतेक हिंदी शिपायांनी धर्माच्या कारणानं ते मांस नाकारलं. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी मागवली गेली, तरी मन वळायला एप्रिल उजाडला. तोवर शेकडो हिंदी शिपायांना ताज्या अन्नाअभावी होणारा स्कर्व्ही झाला होता, हिरड्या सडत होत्या. उलट गोऱ्या सोल्जरांना बेरीबेरी झाला, कोंडा काढलेल्या धान्यावर जगणाऱ्यांचा रोग. ते मैद्याचा पांढरा पाव खात होते, आपले लोक कोंड्यासकट आटा आणि सातू. कोंडा खाणारे एका रोगातून सुटले आणि दुसऱ्यात सापडले.

शरणागतीनंतर तुर्कांनी भुकेल्या माणसांपुढे लष्करी वाळकी बिस्किटं टाकली. ती खाऊन पहिल्याच काही दिवसांत शेकडो माणसं पोटाच्या विकारानं गेली. मग बगदाद, सामर्रापर्यंत रेल्वे आणि पुढे भर उन्हाळ्यात मोसुलमार्गे रास-अल-ऐनपर्यंत पायी. मागे पडेल त्याला वाटेत सोडायचं. पोचले त्यांतल्या हिंदी शिपायांना तिथेच बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. ब्रिटिश साध्या शिपायांपैकी सुमारे सत्तर टक्के कैदेत मेले. हिंदी मृतांचा आकडाही हजारांत आहे, पण त्यात मोठा भाग 'पत्ता लागला नाही' अशा माणसांचा. कोण कुठे पडलं ते कुणी लिहूनच ठेवलं नव्हतं. टाउनशेंडसाहेब मात्र कॉन्स्टँटिनोपलजवळच्या बेटावर बंगल्यात राहिले. मला याचा राग येतो आणि तो लपवायचं कारण दिसत नाही.

एकाच घरातले दोन पुरुष, दोघेही मराठा पलटणीचे, दोघांच्याही सेनापतींनी शरणागती पत्करलेली. एक परत आला, दुसऱ्याचं नखही आलं नाही. मध्ये सव्वीस वर्षं गेली. या वर्षांत काय बदललं, हा या प्रकरणाचा कणा.

नंबर

बदललेली मुख्य गोष्ट म्हणजे २७ जुलै १९२९ चा जिनिव्हा करार. युद्धकैद्यांसाठीचा हा पहिला वेगळा, सविस्तर करार. कैद्याला पकडणाऱ्या देशाच्या राखीव फौजेइतकं अन्न द्यायचं, सूड म्हणून त्याला छळायचं नाही, युद्धाच्या थेट कामाला लावायचं नाही, तटस्थ देशाच्या आणि रेडक्रॉसच्या माणसांना छावणी बघू द्यायची. यात कलम ३६ असं, की छावणीत पोचल्यापासून आठवड्याच्या आत कैद्याला घरी एक कार्ड पाठवता आलं पाहिजे. आबांचं ते छापील कार्ड या व्यवस्थेतलं आहे. ज्या दिवशी त्यावर नंबर पडला, त्या दिवशी त्यांचं नाव जिनिव्हातल्या रेडक्रॉसच्या कार्ड-कपाटात जाण्याची वाट उघडली. त्यानंतर हा माणूस गुपचूप नाहीसा करणं अवघड होतं. कुणीतरी कुठेतरी विचारलं असतं, हा नंबर कुठाय?

कायदा पाळला गेला म्हणून इटलीत सुख होतं असं मात्र नाही. इटलीतल्या काम न करणाऱ्या कैद्याला दिवसाला साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅम पाव मिळे. आपल्या हिशेबानं भाकरी-दीड भाकरी, आणि पातळ सूप. हिंदी कैद्यांची मुख्य छावणी रोमच्या पूर्वेला डोंगराळ मुलखात आवेत्सानो इथे होती. क्रमांक ९१. कराराच्या कलम ९ मध्येच वेगवेगळ्या वंशांचे कैदी शक्यतो एकत्र ठेवू नयेत असं आहे, म्हणून हिंदी लोक वेगळे. तिथं माणसं तगली ती पार्सलांवर. लंडनमधला इंडियन कम्फर्ट्स फंड हिंदी कैद्यांसाठी वेगळी पार्सलं भरून रेडक्रॉसमार्फत पाठवत असे, त्यात डाळ, पीठ, मसाला, चहा असे. वेळेवर आली तर.

इथे आत्यानं एक गोष्ट करून दाखवली. घरात भाकरी, कलिंगड, वडी, काहीही वाटायचं असलं की आबांचा नियम: जो तुकडे करील त्यानं शेवटी उचलायचं. पोरं भांडायची, आबा ऐकायचे नाहीत. तुकडे मांडून झाले की ते मान खाली घालून प्रत्येक तुकडा बघायचे आणि सगळ्यांनी उचलल्यावर उरलेला घ्यायचे. आत्याला वाटायचं बाप फार समजूतदार आहे. हा नियम उपाशी छावण्यांचा आहे. पाव कापणाऱ्याला शेवटचा तुकडा, म्हणजे त्याचा हात सुरीवर सरळ राहतो. आबा सोलापुरातल्या चाळीत पन्नास वर्षं तो नियम चालवत होते आणि कुणाला कळलं नाही.

कार्ड आणि नंबर हे सगळं होतं म्हणून माणूस वाचला, असं म्हणताना मी थोडा थबकतो. त्याच जर्मनीनं सोव्हिएत कैदी ज्या तऱ्हेनं मारले ते कुणाला विसरता येत नाही. सुमारे ५७ लाख पकडले, त्यांतले ३३ लाखांच्या आसपास मेले. रशियानं करारावर सही केली नव्हती हे जर्मनांचं निमित्त, खरं कारण त्या लोकांना माणूसच न मानणं. जपाननं सही केली पण मान्यता दिली नाही. जपानी युद्धगुन्हेगारांवरच्या टोकियोच्या खटल्यात मांडलेला हिशेब असा: जर्मनी-इटलीच्या ताब्यातले ब्रिटिश आणि अमेरिकन कैदी चार टक्के मेले, जपानच्या ताब्यातले सत्तावीस टक्के. सिंगापूरला पकडलेल्या आणि आझाद हिंद फौजेत न गेलेल्या हजारो हिंदी शिपायांना न्यू गिनी, न्यू ब्रिटनच्या बेटांवर हमाली करत मरावं लागलं. ते टोब्रुकला नव्हते, एवढाच त्यांचा दोष. म्हणजे नुसता कागद पुरत नाही. पण कागद नसेल तर माणूस सर्वस्वी पकडणाऱ्याच्या मर्जीवर राहतो, आणि रास-अल-ऐनला ती मर्जी कशी होती ते वर आलं आहे.

नेताजींची भेट

घरात एक गोष्ट अभिमानानं सांगितली जाते: जर्मनीत नेताजी छावणीत आले, आबांच्या पाठीवर हात ठेवला. नातवाची मुलगी अकरावीत आहे. तिनं मला सरळ विचारलं, "मग पणजोबा त्यांच्याबरोबर का नाही गेले?"

मी तारखा जुळवून बघितल्या. सुभाषबाबू जर्मनीतल्या आनाबुर्गच्या हिंदी कैद्यांच्या छावणीत गेले होते ते १९४१ च्या शेवटी. फेब्रुवारी १९४३ मध्ये ते पाणबुडीतून पूर्वेकडे निघाले. आबा सप्टेंबर १९४३ पर्यंत इटालियनांच्या ताब्यात होते. ८ सप्टेंबरला इटलीनं शस्त्रं खाली ठेवल्याची घोषणा झाली, छावण्यांत गोंधळ उडाला. लंडनहून आधीच गुप्त हुकूम आलेला, कैद्यांनी छावणीतच थांबावं. अनेकांनी तो मानला नाही आणि डोंगरात पळाले, इटालियन शेतकऱ्यांनी जीव धोक्यात घालून त्यांना पोटमाळ्यावर, गोठ्यात लपवलं. पण हजारो कैदी जर्मनांच्या हाती लागून उत्तरेला गेले. आबा त्यांत होते. तेव्हा नेताजी युरोपात नव्हतेच. भेट झाली नसणार.

हे सांगताना मला वाईट वाटलं, पण खोटं ठेवणं बरं नव्हतं. मुलीच्या प्रश्नाला उत्तर मात्र द्यायला हवं होतं. युरोपातल्या सुमारे पंधरा हजार हिंदी कैद्यांपैकी तीन हजारांच्या आसपास माणसं नेताजींनी जर्मनीत उभारलेल्या हिंदी लीजन या फौजेत गेली. कुणी देशासाठी, कुणी पोटासाठी, बरेच दोन्हींसाठी. बाकीचे गेले नाहीत. कुणी घेतलेल्या शपथेला जागून, कुणाला जर्मनांवर भरवसा नव्हता म्हणून, आणि कुणी घरी जाणारी मनीऑर्डर बंद होईल म्हणून. तारेमागे उपाशी बसलेल्या बावीस वर्षांच्या पोरानं जे ठरवलं, त्याला देशभक्तीच्या परीक्षेत पास-नापास करायचा अधिकार आपल्याला नाही असं माझं ठाम मत आहे. १९४९ च्या नव्या जिनिव्हा करारात कलम १३० नं कैद्याला शत्रूच्या फौजेत बळजबरीनं भरती करणं हा गंभीर गुन्हा ठरवलाय. कैदी हा मोकळेपणानं हो म्हणू शकणारा माणूस नसतो, हे त्यामागचं शहाणपण.

आबांनी ही गोष्ट का जुळवली असावी, याचा अंदाज सोलापुरात राहणाऱ्याला येतो. हे मार्शल लॉचं शहर. १९३० साली इथल्या लोकांनी काही दिवस इंग्रजांची सत्ताच मानली नाही. १२ जानेवारी १९३१ ला मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन येरवड्यात फासावर गेले. त्यांचे पुतळे ज्या चौकात आहेत तिथून आबा रोज गिरणीच्या पाळीला जायचे. इंग्रजांच्या पलटणीत होतो, तेही शरण गेलो, हे त्या शहरात कुणाला सांगणार? स्वातंत्र्यानंतर एका कार्यालयात मदतीचा अर्ज घेऊन गेले तर समोरचा म्हणाला, "कैदेत होता म्हणजे तुम्ही लढलाच नाही की." ते परत कधी अर्ज करायला गेले नाहीत. नेताजींचा हात पाठीवर घेतल्यावर त्या चौकातून चालणं जरा सोपं झालं असेल.

घंटा

छोट्या फोटोचं कोडं शेवटी सुटलं. फोटोत आबा ढगळ कोटात, मागे बर्फाचा डोंगर, कागदाच्या मागे फोटोवाल्याचा शिक्का. घरचे त्याला 'इटलीचा फोटो' म्हणत. पण शिक्क्यावरचं गाव स्वित्झर्लंडचं निघालं. मग नातवाला आठवलं, आबा झोपेत बडबडायचे, "भिंत पडली, चला." आणि आत्याला आठवलं, गायींच्या गळ्यात मोठ्या घंटा असलेल्या गावाची गोष्ट.

११ मे १९४४ ला अमेरिकन विमानांनी पूर्व फ्रान्समधल्या एपिनालवर बॉम्ब टाकले. तिथल्या छावणीत जर्मनांनी काही हजार हिंदी कैदी ठेवले होते. बरेच मेले. भिंती पडल्या आणि वाचलेले सैरावैरा सुटले. फ्रेंच खेडुतांनी भाकरतुकडा दिला, वाटा दाखवल्या. सुमारे पाचशे हिंदी शिपाई चालत स्वित्झर्लंडच्या हद्दीत पोचले. युरोपातल्या कैद्यांचं एवढं मोठं यशस्वी पलायन दुसरं मला माहीत नाही, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याची एक ओळ नाही. तिथेही एक जुनं कलम कामी आलं: १९०७ च्या हेग करारानुसार तटस्थ देशानं पळून आलेल्या युद्धकैद्याला मोकळं ठेवायचं असतं.

आबा या पाचशेंत होते असं फोटो आणि आठवणी मिळून सांगतात. नावानिशी यादी मला मिळालेली नाही, म्हणून 'बहुधा' हा शब्द मी अहवालात ठेवला. नातवाला तो आवडला नाही. मी काढला नाही.

कडक भाकरीबद्दल त्याच्या आत्याशी शेवटचं बोललो. तिनं लहानपणी एकदा पेटी उघडून भाकरी खाल्ली होती. आबा ओरडले नाहीत. तिच्या हातातली उरलेली अर्धी त्यांनी परत फडक्यात ठेवली, गाठ मारली, आणि संध्याकाळी कामावरून आल्यावर पेटी उघडून ती आहे का ते बघितलं. मग रात्री पुन्हा एकदा बघितलं.

बसऱ्याच्या चुलत्यांचा शोध चालू आहे. बसरा स्मारकाच्या भिंतीवर गोऱ्यांची नावं कोरली आहेत. साध्या हिंदी शिपायांची नावं नाहीत, पलटणीपुढे फक्त किती मेले तो आकडा आहे. युद्धस्मारकांची देखभाल करणाऱ्या कॉमनवेल्थ आयोगानं २०२१ मध्ये ही वागणूक अन्यायाची होती हे कबूल केलं. नावं आता कागदोपत्री यादीत शोधता येतात. ११० व्या पलटणीत त्याच नावाचे तीन शिपाई सापडले. एकाच्या पुढे बापाचं नाव आहे, एकाच्या पुढे गाव आहे पण ते सातारा जिल्ह्यातलं, तिसऱ्याच्या पुढे नंबराशिवाय काही नाही. काकीच्या माहेरच्या माणसांकडे जुन्या वहीत लग्नाची यादी आहे म्हणतात, त्यात नवऱ्या मुलाच्या बापाचं नाव असणार. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं मोहोळकडे ती बघायला जातोय.